महाड, डिसेंबर १९२७ : पाण्याला हात न लावण्याचा निर्णय

महाड म्हटले की २० मार्च १९२७ डोळ्यांसमोर येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरले, ओंजळीने पाणी प्याले, त्यांच्यामागे हजारो माणसे प्याली. चित्रांत, पुतळ्यांत, शाळेच्या धड्यात हाच क्षण आहे आणि तो तिथे असायलाच हवा. पण समतेच्या अहिंसक लढ्याचा अभ्यास म्हणून हे प्रकरण हाती घेतले, की माझे लक्ष नऊ महिन्यांनंतरच्या दिवसांवर खिळते. २५ डिसेंबरला त्याच महाडात पुन्हा परिषद भरली. जवळपास चार हजार माणसांनी सत्याग्रहासाठी नावे नोंदवली होती. प्रसंगी तुरुंगात जायची त्यांची तयारी होती. आणि २७ डिसेंबरला ही माणसे मिरवणुकीने तळ्याला प्रदक्षिणा घालून, पाण्याला हात न लावता परतली.

सरकारने मान्य केलेला आणि नगरपालिकेने एकदा ठरावाने दिलेला हक्क हाताशी असताना हे लोक का थांबले? थांबून त्यांनी काय मिळवले, आणि काय गमावले? हे प्रकरण या प्रश्नांभोवती मांडतो.

तळे आणि बाजार

महाड हे तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातले, सावित्रीकाठचे बाजाराचे आणि तालुक्याचे ठिकाण. चवदार तळे चार-पाच एकरांचे. पावसाच्या पाण्याने आणि काही झऱ्यांनी भरणारे, अडीचशे वर्षांहून जुने मानले गेलेले. चारी बाजूंनी नगरपालिकेचे रस्ते, रस्त्यांपलीकडे सवर्ण हिंदूंची घरे, काही घरे मुसलमानांची. हिंदू, मुसलमान, परगावचे वाटसरू, गुरेढोरे, सगळ्यांना हे पाणी चालत होते. चालत नव्हते ते फक्त अस्पृश्यांना.

आता आसपासच्या खेड्यातला एक महार महाडला कशासाठी येई ते पाहा. बाजारहाटासाठी येई, आणि वतनाच्या कामासाठीही येई. गावाचा कागद तालुक्याच्या कचेरीत पोचवायचा, सारा भरायला जायचे, ही महारकीची कामे. म्हणजे सरकारच त्याला महाडला बोलावत होते. कोकणातल्या उन्हात चालत आलेल्या या माणसाला पाणी प्यायचे तर गावाच्या मध्यापासून दूर असलेल्या अस्पृश्य वस्तीतली विहीर गाठावी लागे, आणि ती विहीर नगरपालिकेच्या दुर्लक्षामुळे गाळाने भरलेली. नागरी हक्क हा शब्द आपण सभेत सहज उच्चारतो. तो या माणसाच्या कोरड्या घशाशी ठेवून वाचला तर महाड कळायला लागते.

या भागाची दुसरी बाजूही लक्षात घ्यायला हवी. महाड-दासगावच्या पट्ट्यात लष्करातून निवृत्त झालेल्या महारांची वस्ती होती. गोपाळबुवा वलंगकर हे त्यांपैकीच. अस्पृश्यतेविरुद्ध त्यांनी १८८८ सालीच लेखणी उचलली होती. लष्करी शिक्षण, पेन्शन आणि चार मुलूख पाहिलेली नजर असलेली ही माणसे होती. १९२७ ची परिषद अशा जमिनीवर उभी राहिली. ती मुंबईहून आणून ठेवलेली नव्हती. याच भागातले तरुण कार्यकर्ते रामचंद्र बाबाजी मोरे यांनी बाबासाहेबांनी कोकणात परिषद घ्यावी म्हणून पाठपुरावा केला होता.

आधी कागद

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मांडला आणि तो संमत झाला. सार्वजनिक पैशातून बांधलेली वा चालवलेली, किंवा सरकारने नेमलेल्या वा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच शाळा, कोर्टे, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. सप्टेंबरात सरकारने आपल्या खात्यांना त्याप्रमाणे कळवले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला.

पुढची तीन वर्षे एकाही अस्पृश्याने तळ्याचे पाणी घेतले नाही. घेऊ शकला नाही. नगरपालिकेने ठराव केला, पण तळ्याकाठी उभे राहून तो पाळून घेणारे कोणी नव्हते. ज्याने पाणी घेतले असते त्याला संध्याकाळी आपल्या गावात, खोताच्या, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराच्या, आणि गावकीच्या हाताखाली परतायचे होते. बोले यांनाही हे उमगले होते. म्हणून १९२६ मध्ये त्यांनी आणखी एक ठराव आणला: जी नगरपालिका हे पाळणार नाही तिचे अनुदान रोखा.

हे सविस्तर सांगतो आहे, कारण महाडचे सत्याग्रही कायदा मोडायला गेले नव्हते. कायद्याने दिलेले वापरायला गेले होते. हा फरक पुढे डिसेंबरात फार महत्त्वाचा ठरतो.

मार्च

१९ आणि २० मार्च १९२७ ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. परिषदेसाठी सवर्णांकडून चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. तळे हाकेच्या अंतरावर आणि पाणी पैसे मोजून! बाबासाहेबांनी भाषणात मेलेल्या जनावराचे मांस सोडा, मुलांना शिकवा, महारकीच्या ओझ्यातून सुटा, असे आपल्याच लोकांना खडसावून सांगितले.

दुसऱ्या दिवशी समारोपाच्या वेळी अनंतराव चित्रे यांनी सर्वांनी मिळून तळ्यावर जाण्याचे सुचवले आणि परिषद उठून निघाली. मिरवणूक महाडच्या भर बाजारातून शिस्तीत गेली. पाणी पिऊन लोक मंडपाकडे परतले.

दोन-एक तासांत गावात अफवा उठली की अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. लाठ्या-काठ्यांचा जमाव मंडपावर तुटून पडला. कोणी जेवत होते, कोणी बोचकी बांधत होते. सुमारे वीस जण गंभीर जखमी झाले. काहींना मुसलमानांच्या घरांनी आसरा दिला. गावोगावी निरोप गेले आणि परतणाऱ्या माणसांना त्यांच्या त्यांच्या गावात मारहाण झाली. ही दुसरी मारहाण अधिक क्रूर होती असे मला वाटते, कारण तिथे मंडप नव्हता, नेता नव्हता, वार्ताहर नव्हता.

बाबासाहेब डाक बंगल्यात उतरले होते. बातमी कळताच ते रस्त्यावर आले आणि देवळात शिरण्याचा कोणताही बेत नसल्याचे त्यांनी जमावाला सांगितले. परत बंगल्यावर आले तर त्यांची माणसे संतापाने पेटलेली, एका शब्दाची वाट पाहत थांबलेली. त्यांत लष्करात राहून आलेले होते. त्यांना लढता येत नव्हते असे नाही. बाबासाहेबांनी तो शब्द दिला नाही. त्या दिवशी दगडाला दगड मिळाला असता तर महाडची नोंद दंगल म्हणून झाली असती, आणि खेड्यापाड्यांत विखुरलेल्या मूठभर घरांवर पुढे काय ओढवले असते ते सांगायला नको. अहिंसेची महाडमधली पहिली परीक्षा ही होती, आणि ती पास झाली ती त्या जखमी माणसांच्या संयमामुळे.

नंतर तळ्याचे शुद्धीकरण झाले. एकशे आठ घागरी पाणी उपसून, पंचगव्य मिसळून, मंत्र म्हणत. गुरे ज्यात पाणी पितात ते तळे माणसाच्या ओंजळीने बाटले, असे जाहीर करण्यात आले. शेकडो व्याख्यानांनी अस्पृश्यतेचे इतके स्पष्ट दर्शन घडवले नसते. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने १९२४ चा आपला ठरावच रद्द केला.

मधले महिने

३ एप्रिल १९२७ ला बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’ पाक्षिक सुरू केले आणि महाडचा अर्थ त्यातून लोकांपुढे मांडायला घेतला. डिसेंबरच्या सत्याग्रहाची तयारी सुरू झाली.

या काळातला एक निर्णय मला फार मोलाचा वाटतो. ब्राह्मणेतर चळवळीचे केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांनी पाठिंबा देऊ केला, पण अट घातली की सत्याग्रहात ब्राह्मणांना घेऊ नये. बाबासाहेबांनी ती अट नाकारली. गरज असताना, माणसे हवी असताना नाकारली. त्यांचा विरोध ब्राह्मण जातीत जन्मलेल्या माणसांना नव्हता, उच्चनीचतेच्या वृत्तीला होता, आणि ती वृत्ती ब्राह्मणेतरांतही असते हे त्यांनी स्पष्ट म्हटले. म्हणूनच महाडच्या व्यासपीठावर गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे ब्राह्मण, अनंतराव चित्रे आणि महाडचे सुरेंद्रनाथ टिपणीस हे कायस्थ प्रभू, आणि अस्पृश्य कार्यकर्ते असे एकत्र दिसतात. समतेसाठी लढणाऱ्या संघटनेने जन्मावरून दार लावले असते तर तिच्या मागणीचाच पाया ढासळला असता.

विरोधकही गप्प बसले नव्हते. मार्चमध्ये काठ्या वापरून त्यांची नाचक्की झाली होती. या वेळी ते कोर्टात गेले. १२ डिसेंबरला महाडच्या काही सवर्णांनी बाबासाहेब, सीताराम नामदेव शिवतरकर आणि इतरांविरुद्ध दिवाणी दावा लावला: तळे स्पृश्यांच्या मालकीचे आहे, अस्पृश्यांना तिथे जाण्याचा हक्क नाही. १४ डिसेंबरला कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. परिषदेला अकरा दिवस उरले होते, लोक घरून निघायच्या तयारीत होते.

डिसेंबर

बाबासाहेब आणि सोबतचे लोक २४ डिसेंबरला मुंबईहून बोटीने निघून दासगावला उतरले आणि तिथून पाच मैल पायी महाडला आले. परिषदेला गावात कोणी हिंदू जागा देईना. फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली म्हणून मंडप उभा राहिला. मंडपात एकच तसबीर होती, गांधीजींची. पुढच्या काळातला या दोघांचा संघर्ष माहीत असलेल्या वाचकाने हे मुद्दाम लक्षात ठेवावे. १९२७ साली बाबासाहेब सत्याग्रहाच्या मार्गाकडे आशेने पाहत होते.

पहिल्या दिवशी त्यांनी सांगितले की चवदार तळ्याचे पाणी न प्याल्याने आजवर आपण मेलो नाही आणि ते प्याल्याने अमर होणार नाही. इतरांप्रमाणे आपणही माणसे आहोत हे सिद्ध करायला तिथे जायचे आहे. त्यांनी या सभेची तुलना १७८९ च्या फ्रान्समधल्या राष्ट्रसभेशी केली. माणूस जन्माने समान आहे, हे परिषदेने जाहीर केले. त्याच रात्री सहस्रबुद्धे यांनी मांडलेल्या आणि पां. ना. राजभोज यांनी अनुमोदन दिलेल्या ठरावानुसार मनुस्मृतीचे दहन झाले. त्यावर स्वतंत्रपणे पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून इथे थांबत नाही.

खरा पेच होता मनाई हुकुमाचा. सभेत मोकळेपणाने दोन्ही बाजू बोलल्या गेल्या. बहुसंख्य लोक सत्याग्रह करायच्या मताचे होते. कलेक्टरांनी येऊन हुकूम मोडू नका असे सांगितले. २७ तारखेला बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करण्याचा सल्ला दिला आणि परिषदेने तो मान्य केला. मग हातात फलक घेऊन मिरवणूक निघाली. तळ्याला वळसा घालून ती परतली.

थांबणे बरोबर होते का?

विरुद्ध बाजू आधी मांडतो, कारण ती कच्ची नाही. चार हजार माणसे पदरमोड करून, घरच्यांना संकटात टाकून आली होती. अन्याय करणारा हुकूम मोडणे हा सत्याग्रहाचा प्राणच मानला जातो. मनाईच्या एका कागदाने चळवळ थांबते हे एकदा दिसले की प्रत्येक गावचा खोत कोर्टाची पायरी चढेल. आणि निराशा ही फार महाग गोष्ट असते. एकदा परत फिरलेली माणसे पुन्हा येतीलच याची हमी कोण देणार?

तरीही माझ्या मते थांबणे बरोबर होते, आणि त्याचे कारण लढ्याच्या रचनेत आहे. अस्पृश्यांचे भांडण गावातल्या सवर्णांशी होते. सरकार निदान कागदावर त्यांच्या बाजूला होते. सवर्णांची सगळी खटपट अशी की अस्पृश्यांची गाठ सरकारशी पडावी. हुकूम मोडला असता तर दुसऱ्या दिवशी तळ्यावर पोलीस विरुद्ध सत्याग्रही असे चित्र दिसले असते, शुद्धीकरण करणारे मजेत घरी बसले असते आणि ‘सार्वजनिक तळ्यावर सार्वजनिक हक्क’ हा मूळ प्रश्न बाजूला पडला असता. मार्चमध्ये जी गोष्ट स्वच्छ दिसली होती, म्हणजे कायदा कोणाकडे आणि दांडगाई कोणाकडे, ती डिसेंबरात उलटी झाली असती.

दुसरे असे की तहकुबी सभेत चर्चा होऊन ठरली. विरोधी मताच्या माणसांना बोलू दिले गेले. नेत्याने रातोरात गुपचूप मागे घेतलेले आंदोलन आणि चार हजारांच्या समोर मांडून, समजावून थांबवलेले आंदोलन यांत फार अंतर असते. पहिल्यात माणसे फसल्यासारखी घरी जातात. इथे ती तळ्याभोवती फिरून, फलक उंचावून गेली.

त्याच वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांपुढेही भाषण केले. जातीची खूण सांगणारे लुगडे नेसणे आणि जडशीळ दागिने टाकून द्या, मुलींना शिकवा, असे सांगितले. स्त्रियांनी लगोलग लुगडी घोळदार, सवर्ण बायकांसारखी नेसायला सुरुवात केली. कोणत्याही कोर्टाला याच्यावर मनाई हुकूम काढता येत नव्हता.

कोर्टातली दहा वर्षे

तात्पुरता मनाई हुकूम २३ फेब्रुवारी १९२८ ला उठला. दावा मात्र चालूच राहिला. ८ जून १९३१ ला महाडच्या कोर्टाने तो फेटाळला. वादींनी ठाण्याला अपील केले, ते जानेवारी १९३३ मध्ये फेटाळले गेले. मग मुंबई हायकोर्ट. १७ मार्च १९३७ ला न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि न्यायमूर्ती वाडिया यांनी अंतिम निकाल प्रतिवादींच्या बाजूने दिला. १९२२ साली अहमदाबादेत गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारे न्यायाधीश ते हेच ब्रूमफील्ड.

निकाल जवळून पाहण्यासारखा आहे. मालकीचा दावा आधीच गळाला होता, कारण तळे नगरपालिकेचे ठरले. उरला प्रश्न रूढीचा: अनादि काळापासून हे तळे फक्त स्पृश्यच वापरत आले, अशी कायद्याने बंधनकारक वहिवाट आहे का? हायकोर्टाने म्हटले, ती सिद्ध झालेली नाही. तळे गावाच्या कडेला होते. सवर्णांची घरे भोवती उभी राहण्याआधी कोणी दुसऱ्याला तिथून हटकत असेल असे मानायला आधार नाही. अस्पृश्य इतकी वर्षे आले नाहीत, एवढ्यावरून त्यांना अडवण्याचा हक्क कोणाला मिळत नाही.

अस्पृश्यता अन्याय्य आहे, असे मात्र या निकालात म्हटलेले नाही. रूढी सिद्ध झाली असती तर ती अवाजवी किंवा लोकहिताविरुद्ध आहे का, हे कदाचित तपासावे लागले असते, इतकेच कोर्ट म्हणाले. देवळांच्या बाबतीत तर लांबलेल्या प्रथेवरून ती वरच्या जातींसाठीच आहेत असे गृहीत धरता येईल, अशी वेगळी वाट कोर्टाने मोकळी ठेवली. महाडचा विजय अशा बारीक पायवाटेवरून आला. काही अभ्यासक तो कायद्याचा मोठा टप्पा म्हणून गौरवतात. मी तसे म्हणणार नाही. नेमका पुरावा मागितला की ‘अनादि काळापासून’ असे ठासून सांगणाऱ्यांची बोलती बंद होते, हे या खटल्याने दाखवले. तेवढे त्याचे मोल पुष्कळ आहे. हक्काला भक्कम आधार मिळायला राज्यघटना यावी लागली. तिच्या पंधराव्या कलमात विहिरी, तळी, स्नानाचे घाट आणि रस्ते नाव घेऊन लिहिले आहेत, आणि सतराव्या कलमाने अस्पृश्यताच नष्ट केली.

दहा वर्षांची किंमत दुसऱ्या प्रकारेही मोजावी लागते. १९३० मध्ये नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, वर्षानुवर्षे चालला आणि दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्याला बाबासाहेबांनी जाहीर केले की हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. महाडचा निकाल लागला तेव्हा सवर्णांचे मन वळेल ही १९२७ मधली आशा त्यांनी सोडून दिली होती. सत्याग्रह समोरच्याचे हृदय बदलतो असे मानणाऱ्यांना महाडमध्ये तसा पुरावा फारसा सापडणार नाही. टिपणीस, चित्रे, सहस्रबुद्धे हे आधीच वळलेले होते. बदलली ती पाणी प्यालेली माणसे.

ती पुढे कुठे गेली हे पाहिले म्हणजे प्रकरण पुरे होते. निकालाच्या महिनाभर आधी, फेब्रुवारी १९३७ च्या निवडणुकीत बाबासाहेबांचा स्वतंत्र मजूर पक्ष मुंबई विधानसभेत पोचला. त्यात महाडच्या मंडपात उभे राहिलेले चित्रे आणि टिपणीसही निवडून आले. कुलाबा जिल्ह्यातच चरीला नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांचा खोतांविरुद्ध संप चालू होता आणि या मंडळींचा त्याला आधार होता. सप्टेंबर १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक सभागृहात मांडले. १० जानेवारी १९३८ ला कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर मोर्चा घेऊन गेले. कुणबी, आगरी, महार, सगळे एका रांगेत होते, आणि त्यांची मागणी जमिनीची होती.